कपड्यांवरचा फवारा, घरातला श्वास

श्रावण उतरणीला लागला की घरोघरी कपाटे उघडली जातात. पर्युषण तोंडावर आलेले असते आणि दशलक्षणाची तयारी त्यामागोमाग सुरू होते. पूजेची धोतरे-उपरणी, आजीची जरीकाठी लुगडी, मुलांचे वर्षभर न घातलेले झब्बे एकेक करून बाहेर येतात आणि त्यांच्याबरोबर येतो तो पावसाळ्याचा ओळखीचा कुबट वास. सांगली-कोल्हापूरकडील जाड भिंतींची जुनी घरे असोत, नाहीतर पुण्या-मुंबईच्या बंद सदनिका. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा कपड्यांत शिरतोच. पूर्वी अशा वेळी कपडे दोरीवर जात. आता हात आपोआप फडताळावरच्या बाटलीकडे जातो. दोन-चार फवारे मारले, खोलीभर मोगरा दरवळला आणि कुबट वास गेला. निदान गेल्यासारखा वाटला.

त्याच खोलीत कुणीतरी रात्री झोपणार असते. दम्याचा पंप उशाशी ठेवणारे आजोबा असतील, पाळण्यातले तान्हे मूल असेल. फवारलेला कपडा अंगावर येईल तेव्हा येईल. फवाऱ्यातले धुके मात्र त्याआधीच त्यांच्या श्वासात उतरलेले असते. कपड्यांच्या निगेसाठी कोणते द्रव्य निवडावे याचा विचार करताना बहुतेक घरे फक्त कापडाचा विचार करतात: रंग उडेल का, डाग पडेल का, जर काळी पडेल का. फवारा हा कापडाच्या आधी फुफ्फुसाचा विषय आहे, ही गोष्ट मागे राहते.

जगात या विषयाची जी मोठी उदाहरणे घडली, ती सगळी हेच सांगतात. २००६ च्या मार्चमध्ये जर्मनीत काच व स्नानगृहाच्या पृष्ठभागावर मारण्याचा एक फवारा बाजारात आला. काही दिवसांतच शंभराच्या आसपास लोकांनी धाप लागणे, खोकला, छाती भरून येणे अशा तक्रारी नोंदवल्या. काहींच्या फुफ्फुसांत पाणी झाले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. उत्पादन तातडीने परत मागवण्यात आले. चौकशीत समोर आलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तशाच प्रकारचे द्रव्य पूर्वी हाताने दाबण्याच्या पिचकारीच्या बाटलीतून विकले जात होते आणि तेव्हा अशा तक्रारी आल्या नव्हत्या. वायूच्या दाबाने भरलेल्या डब्यातून ते अतिसूक्ष्म धुके होऊन बाहेर पडू लागले, तेव्हा माणसे आजारी पडली. त्याआधी, १९९२ व १९९३ मध्ये, अमेरिकेत चामड्यावर आणि बुटांवर मारायच्या जलरोधक फवाऱ्यांमुळे श्वसनाचे तीव्र आजार झाल्याच्या नोंदी तेथील आरोग्ययंत्रणेने घेतल्या होत्या.

सर्वांत दुःखद प्रकरण दक्षिण कोरियाचे. तेथे हिवाळ्यात खोलीतली हवा कोरडी पडते, म्हणून बाष्पयंत्रे वापरतात. त्या यंत्रातील पाणी स्वच्छ राहावे यासाठी पाण्यात घालण्याची जंतुनाशके अनेक वर्षे खुलेआम विकली गेली. २०११ मध्ये गर्भवती व बाळंतिणींमध्ये आढळलेल्या फुफ्फुसांच्या गूढ आजाराचा माग काढताना तपास या जंतुनाशकांपर्यंत पोहोचला. पुढे हजारो लोकांना या प्रकरणाचे बळी म्हणून सरकारने मान्यता दिली आणि त्यांत लहान मुलेही मोठ्या संख्येने होती. प्रमुख दोषी ठरलेले द्रव्य इतरत्र पृष्ठभाग पुसण्यासाठी वापरले जात होते. त्वचेला लागल्यास ते फारसे घातक नाही, असे मानले जाई. ते हुंगले गेले तर काय होईल, हे कुणी पुरेसे तपासलेच नव्हते. या प्रकरणानंतर कोरियाने घरगुती रासायनिक उत्पादनांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ पासून तो लागू झाला.

बाष्पयंत्र रात्रभर चालते आणि कपड्यांवरचा फवारा क्षणभर. तेव्हा दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु थोड्या मात्रेने, वर्षानुवर्षे काय घडते याचीही पाहणी झाली आहे. युरोपातील दहा देशांतल्या साडेतीन हजार प्रौढांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात आठवड्यातून किमान एकदा सफाईचे फवारे वापरणाऱ्यांमध्ये दम्याची लक्षणे अधिक आढळली. हवा सुगंधित करणारे, काच पुसण्याचे आणि फर्निचरवरचे फवारे त्यांत आघाडीवर होते. फवाऱ्याच्या रूपात न वापरलेल्या, म्हणजे फडक्यावर ओतून किंवा पाण्यात मिसळून वापरलेल्या सफाईद्रव्यांशी मात्र दम्याचा असा संबंध दिसला नाही.

यामागचे कारण समजण्यास अवघड नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून लहान थेंब नाकाची व घशाची चाळणी चुकवून खोलवर जाऊ शकतात. पिचकारीच्या साध्या बाटलीतून निघणारे बहुतेक थेंब याहून कितीतरी मोठे असतात. ते कापडावर नाहीतर फरशीवर पडतात. दाबाच्या डब्यातून निघणारे धुके अधिक बारीक असते आणि हवेत रेंगाळते. त्यामुळे दुकानात दोन्ही प्रकार समोर असतील, तर डब्याऐवजी पिचकारीची बाटली उचलावी. घटकांच्या यादीतले एक अक्षरही न वाचता करता येण्याजोगी ही निवड आहे. दाबाच्या डब्यात धक्का देणारा वायू बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, म्हणजे ज्वालाग्राही असतो, हेही ध्यानात असू द्यावे. देवघरात निरांजन तेवत असताना शेजारी उपरण्यावर फवारा मारणे कोणत्याही दृष्टीने शहाणपणाचे नाही.

बाटलीत असते तरी काय?

'कपड्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांची जात एक नव्हे. वास घालवणारे, सुरकुत्या मोडणारे, कडकपणा आणणारे, पाणी झटकणारे, जंतू मारणारे आणि कसर पळवणारे असे निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांची जोखीमही निरनिराळी आहे.

वास घालवणाऱ्या फवाऱ्यांत एक खरोखर सुंदर युक्ती वापरली जाते. मक्याच्या पिष्टापासून सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचे द्रव्य काढतात. त्याचा रेणू कड्यासारखा असतो आणि मधल्या पोकळीत दुर्गंधाचे रेणू अडकून राहतात. या तत्त्वावरचा फवारा अमेरिकेत १९९८ मध्ये देशभर विक्रीस आला आणि पुढे अनेकांनी त्याचे अनुकरण केले. हे द्रव्य स्वतः निरुपद्रवी आहे. अडचण त्याच्या सोबत्यांची. बाटलीत पाणी, थोडे अल्कोहोल, फेसकारक, परिरक्षक आणि सुगंध हेही असतात. त्यांपैकी परिरक्षक आणि सुगंध या दोघांकडे विशेष लक्ष हवे. पाण्याच्या बाटलीत जीवजंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक लागतोच. परंतु आयसोथायझोलिनोन कुळातले परिरक्षक त्वचेला पुरळ आणण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. 'सुगंध' हा तर एक शब्द नसून एक झाकण आहे. त्याखाली डझनावारी द्रव्ये असू शकतात. युरोपीय संघात कपडे धुण्याच्या उत्पादनांमधील ॲलर्जी आणणारी ठरावीक सुगंधद्रव्ये विशिष्ट प्रमाणापलीकडे असल्यास नावानिशी छापावी लागतात. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून सफाईच्या उत्पादनांतील घटक जाहीर करणे बंधनकारक केले. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टणावर घटकांची यादी असते. कपड्यांच्या फवाऱ्यावर मात्र बहुधा दोन-तीन मोघम शब्दांवर भागवलेले दिसते.

सुरकुत्या मोडणाऱ्या फवाऱ्यात मुख्यतः पाणी आणि सिलिकोन असते. सुती कापडाची सुरकुती पाण्यानेच सैल पडते. सिलिकोन धाग्यांना निसरडे करते इतकेच. म्हणजे या बाटलीचे बरेचसे काम साधे पाणी शिंपडून आणि कपडा झटकून टांगल्याने होते. कडकपणा आणणाऱ्या फवाऱ्याचीही तीच कथा. भाताची पेज गाळून, पातळ करून घातलेली खळ ही त्याची आजी आहे.

पाणी झटकणाऱ्या फवाऱ्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. पावसाळी कोट, बूट, पिशव्या यांवर मारण्याच्या अनेक द्रव्यांत फ्लोरिनयुक्त संयुगांचे कूळ वापरले गेले आहे. निसर्गात ती जवळजवळ मोडतच नाहीत, म्हणून त्यांना चिरंतन रसायने असे नाव पडले. या कुळातील काही सदस्यांवर स्टॉकहोम करारान्वये २००९ आणि २०१९ मध्ये जागतिक निर्बंध आले. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून अशी संयुगे असलेले कपडे, पादत्राणे आणि त्यांना जलरोधक करणारी द्रव्ये यांच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेतील ज्या फवाऱ्यांचा उल्लेख वर आला, तेही याच जातीचे होते. पावसाळी कोटाला मेण चोळणे किंवा पाणी गळू लागल्यावर नवा कोट घेणे, हे दोन्ही मार्ग बंद खोलीत असा डबा रिकामा करण्यापेक्षा बरे.

जंतुनाशक फवारे २०२० च्या साथीनंतर घराघरांत रुळले. त्यांत सामान्यतः चतुर्थक अमोनियम संयुगे असतात. रुग्णालयांतील सफाई कर्मचाऱ्यांमध्ये या संयुगांमुळे दमा जडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. धुऊन वाळवलेल्या रोजच्या कपड्यावर जंतुनाशक मारण्याचे खरे तर प्रयोजनच नसते. शिवाय जीव मारण्यासाठीच बनवलेले द्रव्य विनाकारण घरात आणणे हे अहिंसेचा विचार करणाऱ्या कुटुंबाला न पटणारे आहे.

हिरवा ठिपका आणि हिरवा त्रिकोण

जैन घरात वस्तू विकत घेताना डोळा सवयीने हिरवा ठिपका शोधतो. कपड्यांच्या फवाऱ्यांवर आणि मऊपणा आणणाऱ्या द्रवांवर तो सहसा नसतो. आणि तेथे शंकेला जागा आहे. कपडे मऊ करणाऱ्या अनेक द्रवांतील मुख्य घटक मेदाम्लांपासून बनतो. ती मेदाम्ले पामतेलातून येऊ शकतात, तशीच जनावरांच्या चरबीतूनही. वेष्टणावरून हे कळत नाही. उत्पादकाच्या ग्राहकसेवेला पत्र लिहून किंवा दूरध्वनी करून सरळ विचारणे हाच मार्ग उरतो आणि उत्तर न मिळाल्यास तेही एक उत्तर समजावे. उडी मारणाऱ्या सशाचे चिन्ह दिसले तर ते प्राण्यांवर चाचणी केली नसल्याचे सांगते. घटक प्राणिज नाहीत असे ते सांगत नाही. भारत सरकारची इकोमार्क ही योजना १९९१ पासून आहे आणि तिचे चिन्ह मातीचे मडके आहे. दुकानाच्या फळीवर ते क्वचितच भेटते, पण भेटले तर त्याला अर्थ आहे.

कसर पळवणाऱ्या फवाऱ्यांवर मात्र एक चिन्ह नेमाने आढळते आणि तेथे चूक होण्याचा संभव मोठा आहे. कीटकनाशकांच्या वेष्टणावर तिरका चौकोन असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. येथे हिरवा म्हणजे शाकाहारी नव्हे, निर्धोकही नव्हे; 'सौम्य विषारी' एवढाच त्याचा अर्थ. खाद्यपदार्थावरच्या हिरव्या ठिपक्याला सरावलेल्या नजरेने हा त्रिकोण पाहिला तर विषाची बाटली निर्धास्तपणे कपाटात ठेवली जाईल. अशा फवाऱ्यांत वापरले जाणारे पर्मेथ्रिन कीटकांना मारतेच, पण मधमाश्या, मासे आणि घरातल्या मांजरालाही ते घातक आहे.

फवारा नको म्हणून डांबराच्या गोळ्यांकडे वळणाऱ्यांनाही थांबवायला हवे. या गोळ्या नॅफ्थलिनच्या असतात, काही पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या. दोन्ही द्रव्ये घन अवस्थेतून सरळ वायू होऊन कपाटभर पसरतात; म्हणजे आवाज न करणारा, दिवसरात्र चालणारा फवाराच तो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दोहोंना 'मानवात कर्करोग संभवनीय' या गटात ठेवले आहे. युरोपीय संघात नॅफ्थलिनच्या गोळ्यांची विक्री २००८ पासून बंद आहे. सर्वांत मोठा धोका नवजात बाळांना असतो. जी-सिक्स-पीडी नावाचे विकर ज्यांच्या रक्तात जन्मतः कमी असते, अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनच्या वाफेने फुटू लागतात आणि तीव्र कावीळ होते. हा दोष भारतात दुर्मीळ नाही आणि जन्मतः तो ओळखू येतोच असे नाही. आपल्याकडे बाळंतविड्यासाठी आजीच्या पेटीतली जुनी, मऊ दुपटी काढण्याची प्रथा आहे. ज्या प्रेमाने ती जपलेली असतात, त्याच प्रेमाने त्यांत डांबराच्या गोळ्याही घातलेल्या असतात. अशी दुपटी बाळाच्या अंगाला लावण्यापूर्वी अनेकदा धुऊन, कित्येक दिवस वाऱ्यावर ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नयेत. जेथे बाळ येणार आहे त्या घरात या गोळ्या मुळातच नसाव्यात हे उत्तम.

मारण्याआधी, बोलावू नये

कपड्यांना कसर का लागते, याचे उत्तर ठाऊक असले की निम्मे फवारे अनावश्यक ठरतात. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या पतंगाच्या अळीला प्राणिज धागा हवा असतो. शुद्ध सुती कापडात तिला रस नाही. तिला विशेष प्रिय असतो तो घामाचा, तेलाचा, सांडलेल्या अन्नाचा अंश लागलेला भाग. म्हणून स्वेटरला छिद्रे पडतात ती बहुधा गळ्याशी आणि छातीवर. चंदेरी कसरीची आवड वेगळी आहे. तिला खळ आवडते. कडक खळीची सुती साडी तशीच घडी करून वर्षभर ठेवणे म्हणजे तिला पान वाढून ठेवणे होय. जुन्या बायका ठेवणीतल्या सुती साड्या खळ काढून, नुसत्या पाण्यातून पिळून, खडखडीत वाळवूनच पेटीत टाकत, त्याचे कारण हे. बुरशीचे गणित तर निव्वळ दमटपणाचे आहे. कपडा पूर्ण कोरडा असेल आणि कपाटात हवा खेळत असेल तर ती धरत नाही.

तेव्हा ठेवणीतला कपडा धुऊन, खळ काढून, कडक वाळवून ठेवला तर कीटक मारण्याची वेळच येत नाही. श्रावकाचाराच्या भाषेत याला यतना म्हणतात: जीव उत्पन्न होऊन मग त्याची विराधना होण्यापेक्षा तो उत्पन्नच होणार नाही अशी काळजी. श्वेतांबर साधु-साध्वी आपली वस्त्रे दिवसातून दोनदा उलगडून, निरखून पाहतात. ते पडिलेहण गृहस्थाला रोज जमणारे नाही. पण महिन्यातून एकदा कपाटातील प्रत्येक घडी उघडून, झटकून, घडीची रेघ बदलून ठेवणे कुणालाही जमेल. या सवयीचा दुहेरी लाभ आहे. कसर स्वस्थ, अंधाऱ्या, न हललेल्या जागीच वाढते, आणि रेशमी वस्त्र व जर एकाच रेघेवर वर्षानुवर्षे दुमडून राहिल्याने फाटते.

पाऊस उघडला की कपड्यांना ऊन दाखवावे. सुती आणि लोकरी कपड्यांना कोवळे ऊन, रेशमी व रंगीत वस्त्रांना सावलीतला वारा. कपडा आधी अंगणात किंवा गच्चीत हलकेच झटकावा, म्हणजे घडीत एखादा जीव असेल तर त्याला जाण्याची वाट मिळते. वस्तुसंग्रहालयांत लोकरी वस्तू कित्येक दिवस गोठवून कसर नष्ट करतात. ती पद्धत परिणामकारक असली तरी जैन घरात कुणी सुचवणार नाही. पैठणी वा बनारसी साडी धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळावी. प्लास्टिकच्या बंद पिशवीत दमटपणा कोंडला जातो आणि जर काळवंडते.

वाळलेली कडुनिंबाची पाने, वेखंड, लवंग, वाळ्याची जुडी यांची पुरचुंडी कपाटात ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. यांचा उपयोग कीटकांना दूर ठेवण्यापुरता आणि तोही वास असेतोवर. दर दोन-तीन महिन्यांनी पुरचुंडी बदलावी, पाने पूर्ण वाळलेली असावीत आणि ती कपड्याला थेट लागू नयेत. नाहीतर डाग पडतो. कापराबद्दल मात्र अधिक काळजी हवी. लहान मुलाने कापराची वडी तोंडात घातली तर थोड्याशा मात्रेनेही झटके येऊ शकतात. 'नैसर्गिक' हा शब्द येथे कवचासारखा वापरू नये. लव्हेंडरच्या तेलातील लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतील लिमोनीन ही दोन्ही द्रव्ये हवेत राहून बदलतात व मग त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. लिमोनीनची ओझोनशी गाठ पडली तर फॉर्मल्डिहाइडही तयार होते. 'वनस्पतिजन्य' असे ठळक अक्षरांत छापलेली महागडी बाटली सुगंधाने ओतप्रोत असेल, तर दम्याच्या रुग्णाला तिचा काहीच फायदा नाही.

घरगुती फवारा करावयाचा झाल्यास सर्वांत साधा तोच बरा. गाळून उकळलेले व निवलेले पाणी स्वच्छ पिचकारीच्या बाटलीत घ्यावे. सुती कपड्यावर हलके शिंपडून हाताने सुरकुती ताणावी आणि टांगावे. वीस-तीस मिनिटांत बरेच काम होते. रेशमावर पाण्याचे ठिपके उमटतात, म्हणून तेथे हे करू नये. स्नानगृहातल्या वाफेत थोडा वेळ टांगलेले रेशीम आपोआप सैल पडते आणि नंतर ते वाऱ्यावर कोरडे करावे. अशा पाण्यात परिरक्षक नसतो, त्यामुळे ते त्याच दिवशी वापरून उरलेले झाडाला घालावे. उकळलेल्या पाण्यालाही काळमर्यादा असते, हे जैन घराला नव्याने सांगावे लागत नाही. कुबट वासासाठी खाण्याचा सोडा वाटीत किंवा सुती पिशवीत भरून कपाटाच्या तळाशी ठेवल्यास तो बराच वास शोषतो. एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळावी: सिरका किंवा अन्य आंबट द्रव ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये, त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो.

तरीही विकतची बाटली लागणारच, अशी घरे असतात. प्रवासात धुणे शक्य नसते, शेरवानी किंवा लोकरी कोट वारंवार धुता येत नाही. अशा वेळी सुगंधविरहित, पिचकारीची, घटकांची पूर्ण यादी छापलेली आणि जंतुनाशकाचा दावा न करणारी बाटली घ्यावी. 'सुगंधविरहित' आणि 'वासरहित' हे दोन शब्द एक नव्हेत. दुसऱ्यात वास झाकण्यासाठीच एखादे सुगंधद्रव्य घातलेले असू शकते. कपडा अंगावर असताना फवारू नये. गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी टांगून, आतल्या शिवणीवर आधी थोडे मारून पाहावे, मग वीतभर अंतरावरून हलका हात फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावरच कपडा घरात आणावा. मुले आणि वृद्ध त्या वेळी जवळ नसावेत.

मुहपत्तीबद्दल तर वेगळे सांगायला हवे. सामायिकात ती तोंडासमोर धरली जाते, स्थानकवासी परंपरेत बांधली जाते. त्या कापडावर जे असेल ते अठ्ठेचाळीस मिनिटे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाते. ती मऊ करणाऱ्या सुगंधी द्रवात बुडवलेल्या कपड्यांसोबत धुऊ नये. साध्या साबणाने वेगळी धुऊन, दोनदा खळबळून, उन्हात वाळवावी. पूजेच्या वस्त्रांनाही तोच नियम लावला तर पर्युषणाच्या आदल्या दिवशी बाटली शोधण्याचे कारण उरत नाही. त्यासाठी श्रावणातल्या पहिल्या उघडिपीलाच कपाट रिकामे करायला हवे.